अल्पमुदतीच्या वैद्यकीय सेवायात्रांचे वृत्तांतवाङ्मय

मिशनऱ्यांनी मायदेशी धाडलेले वृत्तांत मराठीच्या अभ्यासकाला अपरिचित नाहीत. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळींनी मुंबई आणि अहमदनगर येथून बोस्टनला पाठविलेली पत्रे तेथील ‘मिशनरी हेरल्ड’मध्ये छापली जात, १८४२ साली अहमदनगरास ‘ज्ञानोदय’ निघाला तो याच मंडळींच्या उद्योगातून. त्या पत्रांत पूर्वग्रह विपुल आहेत आणि त्यांची चर्चाही पुष्कळ झाली आहे. मात्र त्यांचा एक गुण सहसा नजरेतून सुटतो. पत्र लिहिणारा त्याच गावात राहत असे. यंदाच्या पत्रात ज्याचे नाव घातले, त्याचे पुढे काय झाले हे पुढच्या वर्षी सांगणे त्याला टाळता येत नसे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याच घराण्यात एक नवा वाङ्मयप्रकार जन्माला आला. अमेरिकेतील एखाद्या चर्चची मंडळी, म्हणजे दोन-चार डॉक्टर, काही परिचारिका, एखादा दंतवैद्य आणि औषधे मोजून देणारे हौशी स्वयंसेवक, एक-दोन आठवड्यांसाठी होंडुरास, ग्वाटेमाला किंवा हैती येथे जातात, दवाखाना मांडतात आणि परततात. मध्य अमेरिकेत अशा पथकाला ‘ब्रिगादा’ म्हणण्याची रूढी आहे. परतल्यावर चर्चमधील मंडळींना, विशेषतः वर्गणी देणाऱ्यांना, छायाचित्रांसह वृत्तांत सादर होतो. असे वृत्तांत असंख्य आहेत. ते वाङ्मय म्हणून लिहिलेले नसतात हे खरे. परंतु ज्या लेखनाला इतका स्थिर साचा प्राप्त झाला आहे त्याचा विचार वाङ्मयाच्या कसोट्यांनी करणे अप्रस्तुत ठरणार नाही.

साचा असा: विमानतळावरील प्रार्थना, औषधांनी भरलेल्या बॅगा आणि जकात अधिकाऱ्यांविषयीची धाकधूक, खडबडीत रस्ता, पहाटेपासून शाळेच्या आवारात लागलेली रांग. मग मेजांची मालिका. एकावर नावनोंदणी, दुसऱ्यावर रक्तदाब, तिसऱ्यावर डॉक्टर, चौथ्यावर औषधे आणि बहुधा शेवटी प्रार्थनेचे मेज. त्यानंतर आकडे येतात: रुग्ण किती तपासले, दात किती काढले, चष्मे किती वाटले. आकड्यांमागून एका रुग्णाची कथा, बहुधा लहान मुलाची किंवा वृद्धेची. शेवटी साश्रू निरोप आणि एक ठरीव वाक्य: जे दिले त्याहून अधिक पथकालाच मिळाले. या वाक्याचा उपहास करण्याचा मोह टीकाकारांना आवरत नाही. वास्तविक साऱ्या वृत्तांतात हेच वाक्य हिशेबाच्या दृष्टीने सर्वांत प्रामाणिक असते. वृत्तांत त्याचा अर्थ उलगडून पाहत नाही, एवढाच त्याचा दोष.

वृत्तांताचा शेवट परतीच्या विमानाशी व्हावयाचा हे ठरलेले असल्यामुळे, ज्याची कथा त्यापूर्वी पुरी होऊ शकते असाच रुग्ण निवेदकाच्या हाती लागतो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आज झाली की उद्या पट्टी सुटते. डोळा उघडतो, नातवंडाचा चेहरा दिसतो. आरंभ, मध्य आणि अंत यांनी युक्त असे हे कथानक आहे. अंतर्गळाचे तेच. उच्च रक्तदाब असलेल्या बाईला मात्र कथानक नसते. तिला तीस दिवसांच्या गोळ्या मिळतात. दुखणे आयुष्याचे असते. एकतिसाव्या दिवशी काय होते, हे सांगावयास निवेदक तेथे नसतो. आकड्यांत ती ‘तपासलेली रुग्ण’ म्हणून मोजली जाते, कथेत तिला स्थान मिळत नाही. जंताच्या गोळीचीही हीच स्थिती आहे. अल्बेंडाझोलची एक मात्रा जंत पाडते खरी, परंतु पाणी आणि शौचकूप जसेच्या तसे राहिले तर काही महिन्यांत पोट पुन्हा जंतांनी भरते. वृत्तांतात गोळ्यांची संख्या असते. विहिरीचा उल्लेख झालाच तर तो दृश्यवर्णनापुरता.

दुभंगलेल्या ओठाचे उदाहरण यापेक्षाही बोलके आहे. शस्त्रक्रियेपूर्वीचे आणि नंतरचे अशी दोन छायाचित्रे शेजारी ठेवली की प्रेक्षकाला आणखी काही सांगावे लागत नाही. टाळूही दुभंगलेली असेल तर गोष्ट वेगळी होते. टाळू शिवल्यानंतरही अनेक मुलांचे उच्चार आपोआप सुधारत नाहीत. जाणत्या माणसाकडून दीर्घकाळ सराव करून घ्यावा लागतो, आणि तोही मुलाच्या स्वतःच्या भाषेत. ओठ छायाचित्रात मावतो, वाणी मावत नाही.

भाषेचा प्रश्न येथेच उभा राहतो. ग्वाटेमालात बावीस मायन भाषांना मान्यता आहे. डोंगराळ भागातील एखाद्या किचे भाषक स्त्रीने आपले दुखणे सांगितले तर ते किचेतून स्पॅनिशमध्ये आणि स्पॅनिशमधून इंग्रजीत असे दोन दुभाष्यांच्या हातून डॉक्टरपर्यंत पोचते; गोळी कशी घ्यावी हे त्याच वाटेने उलट जाते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ साली औषधदानाविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या आणि १९९९ व २०१० मध्ये त्या सुधारून काढल्या. औषधाची मुदत पोचतेवेळी निदान एक वर्ष शिल्लक असावी, या अटीबरोबर वेष्टनावरील मजकूर तेथील आरोग्यसेवकांना कळणाऱ्या भाषेत असावा, हीही अट त्यांत आहे. अशी अट लिहून ठेवावी लागली यातच बरेच काही आले. वृत्तांतांत दुभाषे आभारप्रदर्शनाच्या यादीत येतात. त्यांनी काय गाळले, काय सौम्य केले, कोणत्या शब्दापाशी ते अडखळले, याची नोंद क्वचितच होते. रुग्णाचे म्हणून जे उद्गार दिलेले असतात ते कोणाच्या भाषेतले, हा प्रश्नही कोणी विचारीत नाही.

या परंपरेवरील सर्वांत जहाल टीका चर्चच्या आतूनच आली. २० एप्रिल १९६८ रोजी मेक्सिकोतील कुएर्नाव्हाका येथे इव्हान इलिच यांनी अमेरिकन स्वयंसेवक विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण ‘टू हेल विथ गुड इन्टेन्शन्स’ या नावाने प्रसिद्ध आहे. इलिच त्या वेळी कॅथलिक धर्मगुरू होते. त्यांच्यापुढे बसलेली मुले उन्हाळ्याच्या सुट्टीत मेक्सिकन खेड्यांत सेवा करावयास निघालेली होती. ते डॉक्टरांचे पथक नव्हते. तथापि इलिच यांचा युक्तिवाद वैद्यकीय पथकांना जसाच्या तसा लागू पडतो. पाहावयास या, शिकावयास या, डोंगर चढा. मदत करावयास मात्र येऊ नका, असे त्यांचे सांगणे होते. त्यांतील मर्माचा मुद्दा असा की सेवा करावयाचीच असेल तर ती अशा गरिबांची करावी, ज्यांना ती धुडकावून लावता येते आणि धुडकावल्याचे सेवेकऱ्याला कळते. नकार समजण्यापुरती तरी भाषा यावी, ही सेवेची किमान पात्रता इलिच सांगतात. पहाटेपासून रांगेत उभ्या असलेल्या माणसाला नकार देण्याचे स्वातंत्र्य कितपत असते, हा प्रश्न त्यातून आपोआप निघतो.

परंतु इलिच यांचे भाषणही निर्दोष मानता येत नाही. त्याची धार वक्तृत्वाची आहे, आणि वक्तृत्वाला अपवाद सोसत नाहीत. सेवेकऱ्याच्या अहंतेचे विच्छेदन ते निर्दयपणे करतात. पण ज्या वृद्धेचा मोतीबिंदू त्या पथकावाचून निघालाच नसता, तिला त्यांच्या मांडणीत जागा नाही. वृत्तांतात रुग्ण मुका असतो. इलिच यांच्या भाषणातही तो बोलत नाही. दोन्हीकडे नायक परका पाहुणाच, एकीकडे सदय आणि दुसरीकडे धिक्कृत. स्टीव्ह कॉर्बेट आणि ब्रायन फिकर्ट यांचे ‘व्हेन हेल्पिंग हर्ट्स’ (२००९) हे इव्हँजेलिकल वाचकांसाठी लिहिलेले पुस्तक या बाबतीत अधिक विवेकी आहे. तातडीचे साहाय्य, पुनर्वसन आणि विकास यांत ते भेद करते. १२ जानेवारी २०१० रोजी हैतीत भूकंप झाला, तेव्हा मोडलेले पाय वाट पाहू शकत नव्हते. तेथे परक्या शल्यविशारदाच्या भाषाज्ञानाची परीक्षा घेत बसणे क्रौर्य झाले असते. भूकंपाला उचित असलेली तीच पद्धत वर्षानुवर्षे शांत खेड्यात राबविणे हा मात्र प्रमाद आहे. पुस्तकाची शैली प्रचारकी आहे, पण भेद खरा आहे.

या सर्व वृत्तांतांच्या मागे एक आदिकथा उभी असते: लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील चांगल्या शोमरोन्याची. तेल आणि द्राक्षारस ओतून जखमा बांधण्याचा प्रसंग सर्वांच्या स्मरणात असतो. त्यापुढचा भाग तितकासा राहत नाही. शोमरोनीही वाटसरूच, तो उतारशाळेत एक रात्र काढतो आणि दुसऱ्या दिवशी निघून जातो. जाताना तो उतारशाळेच्या चालकाला दोन नाणी देतो, जखमी माणसाला त्याच्या स्वाधीन करतो आणि अधिक खर्च झाला तर परत आल्यावर तो फेडण्याचे कबूल करतो. मुक्काम अल्प असणे हा दोष असता तर तो शोमरोन्यालाही लागला असता. वृत्तांतांची त्रुटी निराळी आहे: त्यांच्या कथेतून उतारशाळेचा चालक गळालेला आहे. होंडुरासमधील खेड्याच्या आरोग्यकेंद्रातील परिचारिका, पथक येण्यापूर्वी आणि गेल्यानंतर त्याच रुग्णांना तपासणारी, छायाचित्रात कडेला उभी असते किंवा नसतेच.

मिरजेचे उदाहरण येथे सहज आठवते. डॉ. विल्यम वॉन्लेस १८८९ साली भारतात आले. मिरजेचे मिशन रुग्णालय १८९४ सालचे. १९२८ मध्ये ते परतले. ‘ॲन अमेरिकन डॉक्टर ॲट वर्क इन इंडिया’ हे त्यांचे १९३२ सालचे पुस्तक सुमारे चार दशकांच्या वास्तव्यानंतरचे आहे. त्यांचा काळ वसाहतीचा, दृष्टीही त्याच काळाची. तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण मिरजेस भारतीय विद्यार्थ्यांना वैद्यकाचे शिक्षण दिले गेले, म्हणजे उतारशाळेचे चालक तेथेच तयार झाले.

एकाच गावी दरवर्षी परतणारी, तेथील आरोग्यकेंद्राच्या सांगण्यानुसार काम आखणारी पथकेही आहेत. त्यांचे वृत्तांत वाचावयास नीरस असतात. त्यांत आकडे लहान असतात, औषधांच्या साठ्याच्या कटकटी असतात. परिचारिकेचे नाव असते आणि मागील वर्षी तपासलेल्यांपैकी कोण आले नाही, याची विचारपूस असते. रविवारच्या उपासनेनंतर पडद्यावर दाखविण्याजोगे त्यांत फारसे काही सापडत नाही.