तीन पैशांचं नाटक आणि एक चुकीचा शब्द

जर्मनची बी-वन परीक्षा पास झालो तेव्हा आईचा पहिला प्रश्न होता, ‘मग आता व्हिसा कधी?’ तिचं बरोबरच होतं. सोलापुरात माझ्या ओळखीतलं जो कुणी जर्मन शिकतो तो तिकडं जायलाच शिकतो. मीही फी त्याचसाठी भरली होती. मध्येच ब्रेख्त हातात पडला, आणि आता ऑफिसातून आल्यावर मी पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमधल्या जर्मन एम.ए.ची माहिती वाचत बसतो. इंजिनियरनं साहित्याचा इतिहास शिकून काय करायचं, यावर माझ्याकडे नीट उत्तर नाही. एका नाटकाचं उदाहरण आहे.

ब्रेख्त आणि संगीतकार कुर्ट वाइल यांचं ‘ड्रायग्रोशनऑपर’ 31 ऑगस्ट 1928 रोजी बर्लिनमध्ये रंगमंचावर आलं. मूळ कथा जॉन गे या इंग्रज लेखकाच्या 1728 सालच्या नाटकाची. ते जर्मनमध्ये आणलं एलिझाबेट हाउप्टमाननं, जिचं नाव आपण सहसा घेत नाही. पुढं पन्नास वर्षांनी, 1978मध्ये, पुलंनी त्याचा ‘तीन पैशाचा तमाशा’ केला आणि थिएटर अकॅडमीसाठी जब्बार पटेलांनी तो बसवला. पटेलांची शाळा सोलापूरची हरिभाई देवकरण. त्यामुळं सोलापूरकरानं या नाटकाला बोल लावणं म्हणजे घरच्या लग्नात जेवणाला नावं ठेवणं. तरी ठेवतो. प्रयोग चुकला तो माझ्या जन्माआधीचा म्हणून, तेव्हा बोलतोय ते वाचून.

माझी तक्रार शीर्षकातल्या शेवटच्या शब्दाबद्दल आहे. ऑपेरा ही राजेरजवाड्यांनी पोसलेली कला. झुंबरं, मखमल, महागडी तिकिटं. तिला तीन दिडक्यांची किंमत लावायची यातच ब्रेख्तचा वार आहे. शेवटी फासावर चाललेल्या दरोडेखोराला राणीचा घोडेस्वार येऊन माफी देतो, वर सरदारकी आणि पेन्शनही. ही ऑपेरातल्या गोड शेवटांची उघड टिंगल आहे. आपल्याकडं मखमलीचा मान होता तो संगीत नाटकाला. ‘तीन पैशाचं संगीत नाटक’ म्हटलं असतं तर पहिल्या रांगेला चिमटा बसला असता. तमाशाला मात्र सभ्य लोकांनी कधी तीन पैशांपेक्षा जास्त किंमत दिलीच नव्हती. मोडनिंबवरून जाताना कलाकेंद्रांच्या पाट्या दिसल्या की एसटीतली माणसं एकमेकांकडं बघून कशी हसतात ते आठवा. जे आधीच खाली बसवलंय, त्याला आणखी खाली काय आणणार?

दुसरा घोळ तंत्राचा. गाणं मध्येच तोडतं, नट प्रेक्षकांशी बोलतो, यानं बर्लिनचा प्रेक्षक दचकावा, विचार करावा, असा हिशेब होता. आपला सोंगाड्या हे रोज करतो आणि प्रेक्षक दचकत नाही, खूश होतो. खुद्द ब्रेख्तनं 1935मध्ये मॉस्कोत मेइ लानफांग या चिनी नटाला पाहिलं आणि त्या अभिनयातल्या दुराव्यावर लेख लिहिला. पण तो दुरावा होता ब्रेख्तला. चिनी प्रेक्षकाला ते घरचंच. यात इतिहास येतो तो इथं: कोणती गोष्ट परकी, हे खुर्चीत कोण बसलंय त्यावर ठरतं.

कुणी म्हणेल, पुण्यामुंबईच्या पांढरपेशांना तमाशा परकाच होता. 1978पर्यंत नव्हता. ‘विच्छा माझी पुरी करा’ येऊन गेलं होतं, पुलंनी स्वतः ‘पुढारी पाहिजे’ लिहून झालं होतं. फडाची सवय लागली होती. उलट मला वाटतं, खरा ब्रेख्त तिथं आला तो नंदू भेंडेंमुळं. तमाशा नाव लावलेल्या नाटकाचा नायक रॉक गाणारा माणूस! ती निवड कुणाची असेल त्याची असो, तिथं खुर्ची हललीच असणार.

बाकी मराठीला ब्रेख्त जड नाही. जर्मनमध्ये माणूस खातो त्याला ‘एसन’, जनावर खातं त्याला ‘फ्रेसन’. ब्रेख्त गरिबांच्या पोटाबद्दल बोलताना मुद्दाम दुसरा शब्द वापरतो. इंग्रजीत त्याचं नुसतं खाणं होतं. हे मी परवा आईला ताटावर बसून समजावत होतो.

‘म्हणजे गिळणं,’ ती म्हणाली. ‘गिळ आता. गार होतंय.’