‘नेफ्रोजेनिक’ : एका विशेषणाची चिकित्सा

रोगाच्या नावात अनेकदा त्याच्या कारणाविषयीचा निर्णय दडलेला असतो. ‘नेफ्रोजेनिक सिस्टेमिक फायब्रोसिस’ हे याचे बोलके उदाहरण होय. मूत्रपिंडे निकामी झालेल्यांची त्वचा कठीण व सांधे ताठर करणारा हा विकार १९९७ मध्ये प्रथम दृष्टीस पडला. ‘नेफ्रोजेनिक’ म्हणजे मूत्रपिंडजन्य. या विशेषणाने दोष रुग्णाच्याच इंद्रियावर ठेवला. २००६ मध्ये ऑस्ट्रियातील ग्रोबनर यांनी मात्र एमआरआयसाठी शिरेतून दिल्या जाणाऱ्या गॅडोलिनियमयुक्त द्रव्याकडे लक्ष वेधले. निरोगी मूत्रपिंडे हे द्रव्य लवकर बाहेर टाकतात. ती निकामी असता ते शरीरात रेंगाळते, आणि रेषीय रचनेच्या रेणूंतून विषारी धातू सुटण्यास अवसर मिळतो. आयोडिनयुक्त द्रव्य मूत्रपिंडास अपायकारक म्हणून ज्यांच्यासाठी हा पर्याय निर्धोक मानला गेला, त्यांच्यातीलच काही या विकारास बळी पडले.

उलट दिशेचा दोषही तितकाच चिंत्य आहे. ‘गॅडोलिनियम’ या एका शब्दाखाली सर्व द्रव्ये सरसकट त्याज्य ठरविल्यास धातूस घट्ट धरून ठेवणारी वलयी रचनेची द्रव्येही त्यात सापडतात. सुरक्षित मानलेल्या गटातील द्रव्यांविषयी २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात, चौथ्या-पाचव्या अवस्थेतील मूत्रपिंडविकाराच्या ४,९३१ रुग्णांपैकी एकालाही हा विकार जडल्याचे आढळले नाही. अशा रुग्णास भयापोटी आवश्यक तपासणी नाकारणे हीही हानीच होय. पहिल्या चुकीने द्रव्य निर्दोष ठरले, दुसरीने सर्वच द्रव्ये दोषी. दोन्हींच्या मुळाशी नावावर विसंबलेला विचार आहे.