सही कर आणि घरी जा

‘व्हेन दे सी अस’ ही चार भागांची मालिका ३१ मे २०१९ रोजी नेटफ्लिक्सवर आली. मी ती बरीच उशिरा पाहिली, तीही दहावी झालेल्या भाच्याला शेजारी घेऊन. पहिला भाग संपल्यावर त्याने विचारले, “मामू, काही केलंच नव्हतं, तर या पोरांनी कबूल कशाला केलं?” दिग्दर्शिका एवा डुव्हर्ने यांनी सगळी मालिका जणू याच एका प्रश्नासाठी उभी केली आहे. तिचे मोलही या प्रश्नाला ती कशी भिडते यावरूनच ठरवावे लागेल.

घटना खरी आहे. १९ एप्रिल १९८९ च्या रात्री न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये धावायला गेलेल्या २८ वर्षांच्या तरुणीवर बलात्कार झाला. ती मरणाच्या दारात सापडली. त्याच रात्री हार्लेम भागातल्या पोरांचा एक घोळका बागेत हुंदडत होता आणि त्यातल्या काहींनी येणाऱ्या-जाणाऱ्यांना त्रासही दिला होता. पोलिसांनी पोरे उचलली. केविन रिचर्डसन आणि रेमंड सँटाना चौदा वर्षांचे, अँट्रॉन मॅक्रे आणि यूसुफ सलाम पंधराचे, कोरी वाइज सोळाचा. डीएनए यांच्यापैकी एकाशीही जुळला नाही. तरी १९९० च्या दोन खटल्यांत पाचही जण दोषी ठरले. बारा वर्षांनी, २००२ मध्ये, दुसऱ्या गुन्ह्यांसाठी जन्मठेप भोगणाऱ्या मातियास रेयेसने हे कृत्य आपले असल्याचे सांगितले. त्याचा डीएनए जुळला. त्या डिसेंबरात पाचही जणांच्या शिक्षा रद्द झाल्या आणि २०१४ मध्ये शहराने ४ कोटी १० लाख डॉलर भरपाई मान्य केली.

म्हणजे शेवट आधीच ठाऊक असलेली ही गोष्ट. मग पाहायचे काय? पाहायची ती चौकशीची खोली. खऱ्या प्रकरणात चौघांचे कबुलीजबाब चित्रफितीवर घेतले गेले होते आणि पंचांनी त्या फिती पाहिल्या होत्या. पण कॅमेरा सुरू झाला तो अगदी शेवटी. त्याआधीची तासन्‌तास चाललेली दरडावणी, भूक, झोपेने मिटणारे डोळे, ‘तुझा दोस्त तर तुझेच नाव घेतोय’ ही थाप, यातले काहीच फितीवर नव्हते. सरकारी कॅमेऱ्याने जे टिपले नाही नेमके तेच डुव्हर्ने यांचा कॅमेरा दाखवतो. मालिकेतले सर्वांत भेदक शब्द शिवीगाळीचे नाहीत. ‘एवढे सांग, मग घरी जा,’ हे ते शब्द. पोराला घरीच तर जायचे असते! भाच्याच्या प्रश्नाचे उत्तर इथे मिळते, आणि ते कोणाच्या भाषणातून मिळत नाही, ही या पहिल्या भागाची कमाई.

याहून बोचते ती आई-बापांची बाजू. सोळा वर्षांखालच्या मुलाची चौकशी करताना घरचे कोणी तरी जवळ असावे, असा तिथला दंडक. तो मुलाच्या रक्षणासाठी होता, पण झाले भलतेच. रेमंडसोबत त्याची आजी होती, तिला इंग्रजी जेमतेम कळे. अँट्रॉनचा बाप पोलिसांच्या धाकाने पोरालाच सांगतो की ते म्हणतात तसे बोलून टाक. मायकेल के. विल्यम्स या नटाने हा बाप असा उभा केला आहे की त्याचा राग येतो आणि पुढच्याच क्षणी स्वतःची भीती वाटते. वर्दीसमोर आपण काय केले असते? घरचे माणूस शेजारी होते, ही बाब पुढे कोर्टात त्या जबाबांच्या बाजूनेच पडली. यूसुफची आई मात्र ठाण्यात येऊन अडून बसली. माझा मुलगा पंधराचा आहे, चौकशी थांबवा, म्हणाली. त्यामुळे यूसुफची चित्रफीत निघाली नाही आणि त्याच्या कागदावर सहीही नाही. शिक्षा मात्र त्यालाही झालीच. खोट्या तोहमतीपायी कैदेत गेलेल्या हजरत यूसुफ अलैहिस्सलाम यांचा किस्सा आपल्या घराघरांत सांगितला जातो. पडद्यावर हे नाव पुकारले जाते तेव्हा तो आठवल्यावाचून राहत नाही.

आपल्याकडे पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा ठरत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याने घातलेला हा बांध २०२३ च्या नव्या कायद्यानेही ठेवला आहे. १९९९ च्या मोक्काने त्याला भगदाड पाडले, ते का चिंतेचे आहे हे ही मालिका पाहून अधिक कळते.

दोष नाहीत असे नाही. सरकारी वकिलांच्या वरिष्ठ लिंडा फेअरस्टीन यांच्या पात्राच्या तोंडी मालिकेने सगळा कावा घातला आहे. त्यांनी २०२० मध्ये बदनामीचा दावा लावला; तो २०२४ मध्ये तडजोडीने मिटला. कायदा बाजूला ठेवला तरी कलेच्या दृष्टीने ही सोय महागात पडते. एकच खलनायिका मिळाली की पोलीस, न्यायाधीश, वृत्तपत्रे, दोन-दोन खटल्यांतले पंच हे सगळे हलके होतात. पंच मंडळी तर साधीच माणसे होती. त्यांनी डीएनएपेक्षा त्या फितीवर विश्वास का ठेवला, यावर दुसरा भाग फार थोडा रेंगाळतो. तिसरा भाग चौघांच्या सुटकेनंतरची परवड घाईने उरकतो. जिच्यावर हल्ला झाला ती तरुणीही या कथेत जवळजवळ निमित्तापुरतीच उरते.

चौथा भाग मात्र या सगळ्याची भरपाई करतो. तो एकट्या कोरीचा आहे. कमी ऐकू येणारा, वाचता-लिहिता जेमतेम येणारा हा पोरगा पोलिसांच्या यादीत नव्हताच. दोस्ताला, यूसुफला, एकटे कसे सोडायचे म्हणून तो सोबत ठाण्यात गेला. वय सोळा; म्हणून घरचे कोणी बोलावायची गरज नाही, आणि शिक्षाही थेट मोठ्यांच्या तुरुंगात. बाकीचे चौघे सहा-सात वर्षांत सुटले, कोरीने सुमारे तेरा वर्षे काढली. आपल्या २०१५ च्या बालन्याय कायद्यानेही अतिगंभीर गुन्ह्यांसाठी सोळाव्या वर्षावरच दार किलकिले केले आहे. भाच्याला हे सांगितले तेव्हा तो काही बोलला नाही. त्याला नुकतेच सोळावे लागले होते.

बाकी चौघांसाठी लहानपणीचा एक आणि मोठेपणीचा एक असे दोन-दोन नट आहेत. कोरी मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत जॅरेल जेरोमनेच केला आहे, आणि २०१९ चा एमी पुरस्कार त्याला मिळाला. ठाण्याच्या दारात यूसुफच्या मागोमाग शिरणारा आणि एकांतकोठडीत भिंतीशी बोलणारा चेहरा एकच आहे.