रिकार्डो वाद जिंकला, पण पुरावा कुठे आहे?

पेट पास होऊन सिनॉप्सिस लिहायला बसला असाल, तर डेव्हिड रिकार्डोची १८१० ची ‘द हाय प्राइस ऑफ बुलियन’ ही पुस्तिका जरूर वाचा. तिच्यातली ताकद शिकण्यासारखी आहे, आणि चूकही.

आधी पार्श्वभूमी. फेब्रुवारी १७९७. फ्रान्सशी युद्ध चालू होतं. वेल्सच्या किनाऱ्यावर फ्रेंच सैनिक उतरले आणि लोक नोटा देऊन सोनं मागू लागले. बँक ऑफ इंग्लंडची गंगाजळी १३ लाख पौंडांच्या आत आली. २६ तारखेला, रविवारी, सरकारने नोटांच्या बदल्यात सोनं देणं थांबवलं. ही ‘तात्पुरती’ बंदी १८२१ पर्यंत चालली!

१८०९ मध्ये सोनं महागलं. टाकसाळीचा भाव औंसाला ३ पौंड १७ शिलिंग साडेदहा पेन्स, बाजारभाव सुमारे साडेचार पौंड. बँकवाले म्हणायचे, आम्ही खऱ्या व्यापाराच्या हुंड्यांवरच नोटा देतो, मग त्या जास्त होतीलच कशा? हा बचाव पोकळ होता. कायद्याने व्याज ५ टक्क्यांवर अडवलेलं आणि धंद्यात नफा त्याहून जास्त. मग हुंड्या कितीही येणार. इथे रिकार्डोचं बरोबर आहे.

पण नोटा ‘जास्त’ म्हणजे किती? सोनं का महागलं? नोटा जास्त झाल्या म्हणून. नोटा जास्त झाल्या हे कशावरून? सोनं महागलं त्यावरून. पीक बुडालं आणि धान्यासाठी सोनं परदेशी गेलं तर? तरीही, त्याच्या मते, चलन तुलनेने जास्तच होतं. म्हणजे कारण आणि मोजमाप एकच. मग कुठलीही आकडेवारी त्याला खोटं पाडू शकत नाही. हेन्री थॉर्नटनने १८०२ च्या ‘पेपर क्रेडिट’ मध्ये नोटांचा परिणाम आणि दुष्काळी आयातीचा परिणाम वेगळे ठेवले होते. त्याची मांडणी कमी धारदार आहे, पण तपासता येते.

माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये मीही हेच केलं होतं. ‘विश्वास घटला म्हणून ठेवी काढल्या’, आणि विश्वास मोजला कशाने? काढलेल्या ठेवींनी! गाईडनी एवढंच विचारलं, “विश्वास घटला पण ठेवी तशाच राहिल्या, असं तुला कधी दिसू शकेल का?” उत्तर नव्हतं. प्रकरण पुन्हा लिहावं लागलं.

तेव्हा गृहीतक लिहिलं की त्याच्याखाली एक ओळ लिहा: काय दिसलं तर मी चुकलो असं मान्य करीन? ती ओळ सुचत नसेल, तर अजून सर्व्हेला निघू नका.