एकाच जनगणनेचे तीन नकाशे

जनगणनेच्या आकड्यांवरून रंगवलेले महाराष्ट्राचे नकाशे अहवालांत आणि वृत्तपत्रांत सर्रास दिसतात. कवितेतला शब्दन्‌शब्द तपासणारा आपला वाचक नकाशा दिसला की मान डोलावून पुढे जातो. पण नकाशाही कुणीतरी रचलेला मजकूरच असतो.

२०११च्या लिंग-गुणोत्तराचा नकाशा घ्या. दर हजार पुरुषांमागे रत्नागिरीत ११२२ स्त्रिया, मुंबई शहरात ८३२. कोकणात स्त्रीला मान मोठा, असं म्हणण्याचा मोह होतो. प्रत्यक्षात चाकरमानी मुंबईला गेला आणि बाई गावी राहिली, एवढंच त्यातून मुख्यतः दिसतं. नकाशा स्थलांतराचा, शीर्षक मात्र भलतंच.

शून्य ते सहा वयोगटाचा नकाशा काढला की हा पडदा दूर होतो, कारण पोरं नोकरीसाठी परगावी जात नाहीत. इथे राज्याचा आकडा ८९४ आणि बीडचा ८०७, राज्यात सर्वांत कमी.

खरी गंमत, खरं तर खरा धोका, इथून पुढे आहे. क्यूजीआयएससारखं मोफत साधन रंग भरण्यापूर्वी विचारतं, गट कसे पाडू? तेव्हाचे ३५ जिल्हे समान संख्येच्या पाच गटांत वाटले, तर सर्वांत गडद रंगात सात जिल्हे येणारच. उद्या सगळीकडे परिस्थिती सुधारली तरी सातच. त्यात बीडसोबत जळगाव, अहमदनगर, बुलढाणा दिसतात. त्याऐवजी आकड्यांची पट्टी समान अंतराने कापली, तर तळाच्या गटात बीड एकटंच उरतं. ८४२ वरचं जळगाव थोडक्यात सुटतं आणि तिथल्या अधिकाऱ्याला हायसं वाटतं. आकडे तेच, नकाशे दोन्ही खरे; आरोपी मात्र एकात सात, दुसऱ्यात एक. ही निवड नकाशाखाली छापलेली मला क्वचितच आढळली आहे. छापत नाहीत, तोवर असा नकाशा मी पुरावा मानायला तयार नाही.

तिसरा नकाशा बदलाचा. २००१ ते २०११ या काळात बीड ८९४ वरून ८०७ वर घसरलं, तर कोल्हापूर ८३९ वरून ८६३ वर चढलं. एका वर्षाच्या नकाशात कोल्हापूर राज्याच्या सरासरीखालीच दिसतं. दोन गणना शेजारी ठेवल्यावरच त्याची चाल कळते. दृश्य साधनाने खरोखर काही नवं दाखवलं असेल, तर ते इथे.

मग जिल्ह्यावरच का थांबायचं? शून्य ते सहा वयाच्या मुलग्यांचे आणि मुलींचे गावनिहाय तक्ते सर्वांना खुले आहेत. मात्र वीस मुलगे असलेल्या गावात एक मुलगी कमी-जास्त झाली, तरी गुणोत्तर पन्नासने हलतं. त्यामुळे थेट गावं रंगवली तर नुसते ठिपके दिसतील. बीडचं ८०७ नेमकं कुठे साठलं आहे हे शोधायचं, तर आधी गावांची बेरीज करून तालुक्यांचा नकाशा काढायला हवा.