स्वायत्तता : कलाकृतीची आणि कामगाराची

मराठी सौंदर्यविचारात 'स्वायत्तता' ही संज्ञा प्रदीर्घ काळ कलाकृतीच्या वाट्याला आलेली आहे. फडके-खांडेकरांच्या काळातील कलावाद-जीवनवाद असो, मर्ढेकरांचे 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) असो, किंवा रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसे'तील (१९७४) स्वायत्ततावादी व लौकिकतावादी भूमिकांची चिकित्सा असो, चर्चेचा केंद्रबिंदू कलाकृती बाह्य प्रयोजनांपासून मुक्त असते की नाही, हाच राहिला. कांटच्या विचारात मात्र ही कल्पना मुळात नीतिशास्त्रातील आहे. विवेकशील व्यक्तीने आपल्या आचरणाचा नियम स्वतःच घालून घेणे, असा तिचा अर्थ आहे. माणसाचा हा धर्म कलाकृतीला बहाल करणाऱ्या समीक्षेने तो श्रम करणाऱ्या माणसाच्या ठिकाणी कितपत शोधला, हा प्रश्न श्रमिकांच्या साहित्याच्या निमित्ताने उपस्थित करणे आवश्यक आहे.

या साहित्याचे वाचन प्रायः दोन सूत्रांनी होते : शोषण आणि संघर्ष. पहिल्या सूत्रात कामगार करुणेचा विषय ठरतो, तर दुसऱ्यात तो समूहाचा घटक होतो. आवडनिवड, कंटाळा, निर्णयाची घालमेल हे सारे मध्यमवर्गीय नायकासाठी राखून ठेवले जाते. परिणामी कामगाराच्या सुखाचा प्रश्न वेतनाच्या प्रश्नात विरघळून जातो. वेतनाचे महत्त्व निर्विवाद आहे, परंतु ते सुखाची पुरेशी अट आहे काय, हे तपासले जात नाही.

इतिहासाची साक्ष वेगळी आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली, तेव्हा साप्ताहिक सुट्टी, दुपारची विश्रांती आणि कामाच्या तासांची मर्यादा हे प्रश्न अग्रभागी होते. रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली. म्हणजे मुंबईतील कामगाराच्या आरंभीच्या मागण्यांत 'स्वतःचा वेळ' ही एक प्रमुख मागणी होती. आयुष्याचा काही भाग भोंग्याच्या अमलाबाहेर असावा, ही ती जाणीव होय.

या जाणिवेची मर्यादा आणि गुंतागुंत समजून घेण्यासाठी गिरणगावाच्या पूर्वेकडील रे रोडचा परिसर उपयुक्त ठरतो. १८८५ ते १८९० या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड रे यांचे नाव या भागाला मिळाले. बंदराची जमीन, लाकूड-लोखंडाच्या वखारी आणि जहाजतोडणीसाठी प्रसिद्ध झालेला दारुखाना ही त्याची ओळख. गिरणीत भोंगा होता, हजेरीपट होता, कायम आणि बदली अशी उतरंड होती. गोदीत आणि वखारीत दीर्घकाळ रोजंदारीचे राज्य होते. येथील मजूर उद्या कामावर न येण्यास मोकळा असे, आणि मुकादम त्याला उद्या न बोलावण्यास. वरकरणी हे दोन्ही पक्षांचे सारखेच स्वातंत्र्य भासते. परंतु एकाच्या नकाराची किंमत एक दिवसाची भाकर असते आणि दुसऱ्याच्या नकाराला किंमतच नसते, तेव्हा 'मोकळीक' आणि 'स्वायत्तता' यांतील अंतर उघड होते. गोदी कामगारांच्या नेमणुकीचे नियमन करणारा १९४८ चा कायदा या अंतराची शासकीय कबुलीच म्हणावा लागेल. उद्याची शाश्वती असल्याशिवाय आजचा नकार उच्चारता येत नाही.

अण्णा भाऊ साठे यांची 'स्मशानातील सोनं' ही कथा या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगी आहे. दगडाच्या खाणीतील काम बंद पडल्यावर भीमा रात्री स्मशाने धुंडाळून प्रेतांबरोबर गेलेले सोने शोधू लागतो. या धंद्यात त्याच्यावर मालक नाही, मुकादम नाही. वेळ त्याची, ठिकाण त्याचे, धाडसही त्याचेच. दारिद्र्याची भीषणता हा कथेचा आशय म्हणून नेहमी सांगितला जातो आणि तो चुकीचा नाही. परंतु भीमाच्या ठिकाणी केवळ अगतिकता नाही. स्वतःच्या बळावर जगण्याची एक उग्र खुमारीही आहे. तिलाच अण्णा भाऊ अखेरीस छेद देतात. प्रेताच्या जबड्यात अडकलेली बोटे तो गमावतो आणि त्याच दिवशी खाण पुन्हा सुरू झाल्याचे त्याला कळते. ज्या हातांच्या भरवशावर तो कोणाचाही ताबेदार नव्हता, तेच हात आता निकामी झालेले असतात. पर्यायांविना मिळालेले स्वामित्व माणसाला कोठे नेते, याचे इतके निष्ठुर विवेचन तात्त्विक ग्रंथांतही विरळा.

नारायण सुर्वे यांच्या कवितेत हाच प्रश्न दुसऱ्या टोकाने येतो. 'ऐसा गा मी ब्रह्म' (१९६२) या शीर्षकात अद्वैताच्या परंपरेतील भाषा एका कामगाराच्या 'मी'साठी वापरली आहे, तर 'माझे विद्यापीठ' (१९६६) या शीर्षकात आपल्या शिक्षणाचा अर्थ ठरविण्याचा अधिकार कवीने स्वतःकडे घेतला आहे. या 'मी'ला समीक्षेने वर्गाचा प्रतिनिधी मानले. तो तसा आहेच, परंतु प्रतिनिधी होण्यापूर्वी तो स्वतःला नाव देणारा एक माणूस आहे. समूहाशी असलेले त्याचे नाते जन्माने चिकटलेले नाही, ते त्याने पत्करलेले आहे. त्या पत्करण्यातच त्याच्या उत्साहाचा उगम आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. व्यक्तीची स्वायत्तता ही पाश्चात्त्य, व्यक्तिवादी कल्पना असून कामगाराचे सुख भजनी मंडळात, गावकऱ्यांच्या खोलीत, संघटनेत, म्हणजे एकजुटीत असते, असे म्हणता येईल. या आक्षेपाला १९८२ चा संप हेच उत्तर आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. वेतनवाढीइतकीच कळीची बाब होती ती प्रतिनिधित्वाची. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यामुळे वाटाघाटीचा अधिकार मान्यताप्राप्त राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडेच होता, आणि कामगारांना आपला नेता आपण निवडायचा होता. एकजूट आणि स्वायत्तता येथे परस्परविरोधी राहत नाहीत. कोणाशी एकजूट करावी हे ठरविणे, हाच स्वायत्ततेचा सामूहिक आविष्कार होता.

जयंत पवार यांच्या 'अधांतर' (१९९७) नाटकात या संपानंतरचे घर दिसते. लेखक होऊ पाहणारा बाबा, क्रिकेटमध्ये रमलेला मोहन, टोळीच्या वाटेने जाणारा नरू, यांतील प्रत्येकजण काहीतरी 'निवडतो'. परंतु निवडीला आधार देणारी जमीनच सरकलेली असते. वेळ भरपूर आहे, भोंग्याची सक्ती नाही आणि तरीही कोणी सुखी नाही. १८८४ मध्ये कामगाराने मागितलेला वेळ त्याच्या वंशजांना बेकारीच्या रूपाने मिळाला, हा या नाटकातील दारुण उपरोध आहे.

लंडनमधील शासकीय कर्मचाऱ्यांच्या 'व्हाइटहॉल' अभ्यासांनी, कामावरील नियंत्रण कमी असलेल्यांत हृदयविकाराचे प्रमाण अधिक आढळते, असे दाखविले. या संशोधनाने प्रश्नाला शारीरिक पुरावा पुरविला. साहित्याने मात्र त्याची दुसरी बाजू अधिक नेमकेपणाने टिपली आहे. नियंत्रणाचा अभाव माणसाला खचवतो, तसेच आधाराविना लादलेले 'तुझे तू पाहा' हेही खचवते. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये स्थापन केलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळाचे उदाहरण येथे अर्थपूर्ण आहे. गिरणगावातील खानावळवाल्या बायका आपापल्या घरातच राबत होत्या. त्यांच्यावर मुकादम नव्हता. मात्र भांडवलासाठी सावकार होता. बँकेचे कर्ज आणि संघटना मिळाल्यावरच त्यांच्या चुलीवर त्यांचा स्वतःचा अधिकार सुरू झाला.

एरवी पायावर उभे राहणे, कंत्राटी पद्धत, 'स्वतःचा मालक स्वतः' या घोषणा आज श्रमाच्या बाजारात सहज खपतात. रे रोडच्या वखारींना ही भाषा नवी नाही. तिथल्या रोजंदार मजुराला मालकाविना राहण्याचे स्वातंत्र्य नेहमीच होते. समीक्षेने हा भेद ओळखला, तर कलाकृतीच्या स्वायत्ततेची चर्चाही अधिक सकस होईल. बाह्य प्रयोजनांपासून मुक्त कृती निर्माण करण्यासाठी आधी निर्मात्याच्या हाती स्वतःचा वेळ आणि नकाराचा अधिकार असावा लागतो. अण्णा भाऊंनी आणि सुर्व्यांनी हा अधिकार श्रमातून ओढून काढला. त्यासाठी द्यावी लागलेली किंमत कलाकृतीच्या बाहेर नाही, ती तिच्या रचनेतच आहे, आणि तेथूनच तिचे वाचन सुरू व्हावयास हवे.