साउथ बेंडचा गिअरबॉक्स

ड्रेन बोल्टचे शेवटचे आटे सुटतात, आपण तेलाची वाट पाहत असतो, आणि आधी येतं ते पाणी. चमचाभर, स्वच्छ, थंडगार. त्याच्या मागोमाग दूध जास्त झालेल्या चहासारखी दाट, फिकट धार सुरू होते. हिवाळाभर उघड्यावर उभ्या राहिलेल्या जुन्या लॉन ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सचं हे पहिलं दर्शन, आणि ते घाईने उरकू नये. पाणी तेलाहून जड, म्हणून ते तळाशी उतरलेलं असतं. तेलाबरोबर जेवढं घुसळलं गेलं तेवढं दुधाळ होऊन वर राहिलेलं असतं. ट्रेमध्ये पसरणाऱ्या त्या धारेत बोट बुडवावं आणि अंगठ्यावर चोळून पाहावं. नुसता बुळबुळीत स्पर्श लागला तर मन निश्चिंत होतं. बारीक चमचमता कीस लागला तर कुठलं तरी बेअरिंग झिजत आलेलं असतं. आणि नखाएवढा टोकदार तुकडा हाती आला तर एखादा दाता कायमचा गेला आहे हे पेटी उघडण्याआधीच समजतं. पाण्याचा माग काढत वर गेलं की वाट संपते ती गिअरच्या दांड्याच्या मुळाशी. तिथली रबरी टोपी उन्हाने तडकलेली असते आणि प्रत्येक पाऊस दांड्यावरून ओघळत थेट आत उतरत आलेला असतो. सगळ्या ट्रॅक्टरमधला हा बहुधा सर्वांत स्वस्त भाग. त्याच्याच भरवशावर आतलं सगळं पोलाद कोरडं राहतं.

हा ट्रॅक्टर व्हील हॉर्स कंपनीचा सी-१२०, १९७० च्या दशकातला, १२ हॉर्सपॉवरच्या एकसिलिंडर कोहलर इंजिनाचा. मिशिगन सरोवराच्या दक्षिणेला, इंडियाना राज्यातल्या साउथ बेंड या शहरात, दुसरं महायुद्ध संपल्यावर पाँड कुटुंबाने हा उद्योग उभारला. पुढे सेसिल पाँड यांच्या हाताखाली तो वाढला, १९७४ मध्ये अमेरिकन मोटर्सकडे आणि १९८६ मध्ये टोरोकडे गेला. मालक बदलले, रंगसंगती बदलल्या, पण सीटखालची बिडाची पेटी आपल्या मूळ स्वभावाला धरून राहिली. तिचं नाव युनि-ड्राइव्ह. गिअर, डिफरन्शिअल आणि मागचा अ‍ॅक्सल, तिन्ही एकाच कवचात, एकाच तेलात. इंजिनाकडून येतो तो फक्त एक पट्टा. क्लचच्या प्लेटा नाहीत. पेडल दाबलं की पट्टा सैल पडतो, सोडलं की पुन्हा पुलीला धरतो. उन्हाळ्यात गवत कापायचं, पानगळीत ट्रॉली ओढायची आणि सरोवरावरून येणाऱ्या ढगांनी रातोरात टाकलेला बर्फ पहाटे ढकलायचा, एवढा व्याप या छोट्याशा रचनेवर सोपवलेला आहे.

पेटी उघडायची तर आधी चाकांचे हब अ‍ॅक्सलवरून उतरवावे लागतात, आणि या कामाला आपण घालवू तेवढा वेळ थोडाच. अर्धचंद्राकृती चावी आणि ग्रब स्क्रू यांनी धरलेला हब दशकानुदशकांच्या गंजाने अ‍ॅक्सलशी एकजीव झालेला असतो. हातोडा उचलण्याचा मोह इथे प्रत्येकाला होतो, आणि तो आवरणं हेच या कामातलं पहिलं सौंदर्य. बीड कणखर असतं पण ठिसूळही. अ‍ॅक्सलच्या टोकावर घातलेला घाव हबपाशी थांबत नाही, तो आत डिफरन्शिअलपर्यंत जाऊन पोचतो. म्हणून गंज सोडवणारं तेल आज द्यावं, उद्या पुन्हा द्यावं, पुलर लावून ताण चढवावा आणि तो तसाच ठेवून दुसऱ्या कामाला जावं. ताणाखाली उभं राहिलेलं पोलाद स्वतःच्या वेळेने निर्णय घेतं. मग केव्हा तरी, आपण गॅरेजच्या दुसऱ्या कोपऱ्यात असताना, एकच कोरडा ‘टक्क’ असा आवाज होतो आणि हब केसभर सरकलेला असतो. मला या सबंध दुरुस्तीतला सर्वांत आनंदाचा आवाज हाच वाटतो. इंजिन सुरू झाल्याचा आवाजसुद्धा त्याच्या मागे.

कवचाचे दोन अर्धे भाग विलग झाले की घासलेटने धुतलेले गिअर पहिल्यांदा उजेडात येतात. इथे आपल्या वाचनाला खरी सुरुवात होते. हे सरकते गिअर आहेत; शाफ्टवरच्या खाचांवरून एक चाक सरकतं आणि दुसऱ्या चाकाच्या दात्यांत बाजूने शिरतं. मोटारीत दोन चाकांचा वेग जुळवून देणारी जी सोय असते ती इथे नाही, म्हणून गिअर बदलायचा तो ट्रॅक्टर पूर्ण थांबवूनच. हा नियम कोणी पाळला आणि कोणी मोडला, याची नोंद दात्यांच्या कडांवर जशीच्या तशी राहते. दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या कडा अजून धारदार, यंत्रशाळेतून कालच आल्यासारख्या. आणि पहिल्या व रिव्हर्स गिअरच्या कडा मात्र गोलावलेल्या, जागोजागी टवके उडालेल्या. एवढ्यावरून या ट्रॅक्टरच्या आधीच्या मालकाची सकाळ आपल्यापुढे उभी राहते: पुढे फाळ लावलेला, दारापासून रस्त्यापर्यंतचा बर्फ ढकलायचा, मागे यायचं, पुन्हा ढकलायचं, कामावर जायला उशीर होतोय, आणि चाकं थांबण्याआधीच हात दांड्यावर गेलेला आहे. त्या माणसाचं नाव आपल्याला माहीत नाही, पण त्याची लगबग पोलादावर कोरलेली आहे. दात्याच्या मुख्य पृष्ठावर, जिथे भार पेलला जातो तिथे, मात्र आरशासारखी झिलई असते. कडा घाईच्या आणि पृष्ठ श्रमाचं. एकाच दात्यावर एका माणसाच्या या दोन खुणा शेजारी शेजारी पाहताना मी तरी दर वेळी थबकतो.

या गिअरांना सरकवणारे दोन काटे दोन दांड्यांवर बसवलेले असतात, आणि दांड्यांवर खाचा असतात. त्या खाचांत स्प्रिंगच्या जोराने एक छर्रा येऊन बसतो, तोच आपला खटका. गिअर पडल्याची जी खात्री हाताला जाणवते, जो सुखद ठोका तळव्यात उमटतो, त्याचं सगळं श्रेय वाटाण्यापेक्षा लहान असलेल्या या पोलादी गोळीला आहे. शिवाय अशी योजना केलेली असते की एक दांडी हलली की दुसरी जागीच अडकावी. दोन गिअर एकदम पडण्याचा प्रश्नच उरू नये. उघडताना मात्र इथे सावध राहावं. दांडी बाहेर ओढताच स्प्रिंग मोकळी होते आणि छर्रा उडून गॅरेजच्या अशा कोनाड्यात जातो की तो शोधण्यात दुपार जाते. जाणकार लोक आधीच त्या भोकावर फडकं धरतात.

आणि मग डिफरन्शिअल. आतापर्यंत पाहिलेलं सगळं या एका वस्तूची प्रस्तावना होती असं मला वाटतं. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, आतल्याला कमी. दोघांना एकाच दांड्यावर खिळवलं तर एक चाक गवत उकरत घसटत जाणार. मोटारीत हा तिढा तिरक्या दात्यांच्या शंक्वाकृती गिअरांनी सोडवतात. साउथ बेंडच्या कारागिरांनी सरळ दात्यांची साधी पिनियनं घेतली आणि मोठ्या गिअरच्या अंगातच भोकं पाडून त्यांत ती जोडीजोडीने बसवली. जोडीतलं एक पिनियन डाव्या अ‍ॅक्सलच्या गिअरला धरतं, दुसरं उजव्या अ‍ॅक्सलच्या, आणि मध्ये दोघं एकमेकांत गुंतलेली. सरळ जाताना ती आपल्या जागी निश्चल असतात, मोठ्या गिअरबरोबर नुसती फिरून येतात. वळण आलं की मात्र एकमेकांवर लोळू लागतात आणि एका चाकाने सोडलेला वेग दुसऱ्याच्या पदरात टाकतात. या जड पेटीत अशी आठ पिनियनं आहेत, म्हणजे भार एकाच दात्यावर न येता चार जोड्यांत वाटला जातो. तिरके दाते कापायला खास यंत्र लागतं, सरळ दाते कुठल्याही बऱ्या कारखान्यात कापता येतात. एका छोट्या कंपनीने आपल्या हाताशी असलेल्या साधनांत किती देखणं उत्तर शोधलं! तपासायचं ते एवढंच: हे सगळं बांधून धरणारे लांब बोल्ट सैल झालेले नाहीत ना. झाले असतील तर त्यांची डोकी आतल्या बाजूने कवच खरवडत राहतात.

बाकीचं काम सरळ आहे. सगळी ऑइल सील नवी, संशय येईल ते निडल बेअरिंग नवं, गॅस्केट नवं.

दाता तुटला असेल तर? तर दुसऱ्या मृत ट्रॅक्टरची पेटी आणावी, आणि इथे या घराण्याची आणखी एक खुमारी कळते: एका मॉडेलची पेटी दुसऱ्या मॉडेलच्या सांगाड्याला थोड्याफार फेरफाराने बसते, इंजिन गेलेल्या एकाचा अ‍ॅक्सल अ‍ॅक्सल गेलेल्या दुसऱ्याला लाभतो. आजच्या बहुतेक घरगुती ट्रॅक्टरमध्ये तेलाच्या दाबावर चालणारी हायड्रोस्टॅटिक पेटी असते. टफ टॉर्कची के-४६ हे तिचं सर्वांत परिचित रूप. एका पेडलने वेग कमी-जास्त करण्याचं तिचं सुख मी नाकारत नाही, झाडांच्या बुंध्यांभोवती गवत कापताना ते फार मोलाचं आहे. पण तिला तेल सोडायचा बोल्टच नाही; तेल बदलायचं तर अख्खी पेटी उतरवून उलटी करावी लागते, आणि चढावर तिचा दम जाऊ लागला की बहुतेक लोक ती बदलूनच टाकतात. माझं मन युनि-ड्राइव्हकडे ओढ घेतं, कारण तिच्या प्रत्येक बोल्टमागे कोणी तरी पुन्हा इथे हात घालणार आहे हे गृहीत धरलेलं दिसतं.

पेटी बंद केली की लगेच सांगाड्याला जोडू नये. एक कौतुक कामाच्या बाकाने अजून राखून ठेवलेलं असतं. ती तशीच बाकावर ठेवावी, दोन्ही हब चढवावेत, दांडा पहिल्या गिअरमध्ये टाकावा आणि पुली एका हाताने घट्ट धरून दुसऱ्या हाताने डावा हब पुढे फिरवावा. उजवा हब आपोआप, तितक्याच वेगाने, मागे फिरू लागतो. आत आठही पिनियनं एकमेकांवर लोळत असतात. मग पुली सोडून ती हाताने फिरवावी. हाय, म्हणजे जलद, रेंजमध्ये हब लवकर वळतो. लो, म्हणजे संथ, रेंजमध्ये पुलीचे कितीतरी फेरे होतात तेव्हा कुठे तो एक गिरकी घेतो, आणि बर्फाचा ढिगारा रेटण्याची ताकद नेमकी याच संथपणातून येते. तिन्ही गिअर आणि रिव्हर्स, दोन्ही रेंजमध्ये, असे आठही वेग एकेक करून हाताखालून जाऊ द्यावेत, प्रत्येक खटका तळव्यात मोजून घ्यावा. कुठे अडखळलं तर पेटी पुन्हा उघडायला अजून उशीर झालेला नाही. सगळं सुरळीत वाटलं की मगच नव्वद नंबरचं तेल आणायला उठावं.